पाणी वाढलंय

"तुम्ही काय लोखंडाचे आहात? सारखे मशीनकडे का ओढले जाताय?" हे परबांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात ते एमआरआयचं यंत्र, म्हणजे एक अजस्र चुंबकच, चालवायचे. बुटके, जाड चष्मा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत. माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवा हात लुळा, वाचा गेलेली. तिसऱ्या दिवशी त्याला त्यांच्याकडे आणलं तेव्हा मी चौथ्यांदा दार ढकलून आत डोकावत होतो.

रक्तस्राव थांबल्यावर पुढच्या पंधरा दिवसांत मेंदूचं आणखी काय बिघडतं, यावर तिथल्या एक डॉक्टरीणबाई संशोधन करत होत्या आणि आम्ही सह्या करून दादाला त्यात घातलं होतं. त्यासाठीचे जादाचे स्कॅन परब स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत काढत. नातेवाइकांनी "आता धोका टळला ना?" असं विचारलं, की त्यांचं डोकं फिरे आणि डोकं फिरलं की ते थेट मालवणीत शिरत. "रगात थांबला म्हणान काम थांबला असा नाय. खरा काम आता सुरू झाला."

तरी एवढ्या मोठ्या इमारतीत आम्हांला काही समजावून सांगितलं ते ह्या एकाच माणसाने. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे मशीन एवढंच बघतं, मेंदूतलं पाणी कुठं मोकळं फिरतं आणि कुठं अडतं. ही रक्ताची गाठ. तिच्याभोवती पाणी वाढलंय. आता ह्या बाजूच्या जिवंत भागाची काळजी."

मी मान डोलवली. मी बी.कॉम. असलो, तरी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तीन दिवस बसलो की निम्मा डॉक्टर होतो. उरलेला निम्मा घाटकोपरला घरी पोचेपर्यंत झालो.

दहाव्या दिवशी दादाला घरी सोडलं. पाणी वाढलंय म्हणजे पाणी कमी करायला हवं, इतकं साधं. मी दिवसाला चार वाट्या ठरवून दिल्या. वहिनी दोनदा म्हणाली, "भावजी, ते तांब्याकडे बोट दाखवतायत." मी तिला मेंदूतलं पाणी समजावून सांगितलं, परबांच्या सुरात, बोट हवेत नाचवत. बिचारी वाट्या मोजू लागली. दादाला बोलता येत नव्हतं. तो डाव्या हाताने तांब्या दाखवायचा आणि मी तांब्या उचलून आत नेऊन ठेवायचो.

चौदाव्या दिवशी स्कॅनला नेलं तेव्हा दादाची जीभ कोरडी ठणठणीत, डोळे खोल, हाक मारली तरी नीट बघेना. परबांनी त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"पाणी किती देता?"

"चार वाट्या. तुम्हीच म्हणालात ना, पाणी वाढलंय."

मग स्कॅन राहिला बाजूला. "ता पाणी पोटातला नाय हो! तुमका कमी करूक सांगल्यान कोणी?" नर्सला हाक मारून त्यांनी दादाला तातडीने सलाइन लावायला पाठवलं. माझ्या हातातले घरी सोडतानाचे कागद ओढून घेतले. तिसऱ्या पानावर इंग्रजीत, मुंग्या चालल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं की भरपूर पाणी पाजा. ते कागद घेऊन परब वरिष्ठ डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले. दार उघडंच होतं.

"सहा पानं दिलीत. पाणी पाजा हे दोन शब्द मराठीत तोंडाने सांगायला कुणाला वेळ नव्हता?" आतून कुणी काही पुटपुटलं. "मीपण गाढव. पाणी वाढलंय म्हटलं आणि पुढचं बोललोच नाही."

मी बाहेर उभा. मला त्या कागदांचा राग होता, केबिनचा होता, परबांचासुद्धा होता. तिघांत वाटून टाकला तरी माझ्या वाट्याचा संपेना.

दादा सावरला. उजवा हात मात्र परत आला नाही. सहा महिन्यांनी शेवटचा स्कॅन झाला. गाठ विरली होती. हाताकडे उतरणारे तंतू डाव्या बाजूला विरळ दिसत होते. मी विचारलं, "हे माझ्यामुळे?"

परबांनी चष्मा काढून त्या विरळ तंतूंवर बोट ठेवलं. "हय जिता होता ता मेला, इतक्याच ह्या मशीन सांगता. कोणी मारल्यान ता सांगणारा मशीन माझ्याकडे नाय."

त्यांनी खोटा दिलासा दिला नाही याचा मला तेव्हा संताप आला. आता वाटतं, त्यांनी दिला असता तर मी तो घेतला असता आणि पुन्हा निम्मा डॉक्टर झालो असतो.

"बाहेर एक नवीन पेशंट आलाय," ते म्हणाले. "त्याच्या भावाला पाण्याचं तुम्ही सांगून या. मी एकदा सांगितलंय."

बाकावर माझ्याच वयाचा, इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, चार वाट्यांसकट. तो हुशारीने मान डोलवत म्हणाला, "हो, हो. समजलं."

मी त्याच्या शेजारी बसलो. "काय समजलं ते मला सांगा," मी म्हणालो, "त्याशिवाय मी इथून उठत नाही."