‘पाय’ म्हटलं की

माझे सासरे लष्कराच्या अश्वशाळेत नालबंद होते. घोड्यांना नाल ठोकायचे आणि नव्या जवानांना ते काम शिकवायचे. मी त्याच आवारात कारकून. सासरा आणि साहेब एकाच कुंपणात असले की जावयाचे काय हाल होतात ते मला विचारा. मी नुसता भट्टीजवळून गेलो तरी वर न बघता म्हणत, "जावईबापू, डावी टाच झिजलीय."

रायडिंग मास्तरांशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. घोडा लंगडला की मास्तर म्हणणार, नाल चुकली. सासरे म्हणणार, बसणाऱ्याचं बूड चुकलं.

त्या वर्षी चव्वेचाळीस नंबरची घोडी आली. लाथा अशा झाडायची की दोन शिकाऊंनी स्वयंपाकघरात बदली मागितली. सासरे रोज तिच्याशेजारी बसायचे, गाजर भरवायचे, गुडघ्यामागे थोपटून हळूच म्हणायचे, "पाय." महिन्याभराने थोपटायचीही गरज उरली नाही. "पाय" म्हटलं की बाईसाहेब जागच्या जागी थांबून पाय उचलून धरायच्या. सासूबाई म्हणायच्या, "घरात माझा एक शब्द ऐकत नाहीत, आणि तिथे घोडीच्या पाया पडतात!"

मैदानावर मात्र घोडी नापास होऊ लागली. दुडकत झकास निघायची आणि मध्येच गच्च थांबायची. वरचा जवान मानेवरून थेट मातीत. मास्तरांनी तीनदा लेखी दिलं: हट्टी, निरुपयोगी. तिला लष्करातून काढायचा कागद टाईप करायला माझ्याकडेच आला. सासऱ्यांना सांगितलं, तर हातातली कानस खाली पडली.

"उद्या मैदानावर येतो," म्हणाले. "बूड कोणाचं चुकतंय ते बघतोच."

दुसऱ्या दिवशी साहेबही आले होते. घोडी दुडकत आली. जवान पाय सैल सोडून बसला होता. मास्तर ओरडले, "पाय!" म्हणजे टाच लाव, घोडी पुढे काढ. घोडी थांबली आणि तिने पुढचा पाय अदबीने वर धरला. जवान पडला तो पडलाच.

मला हसू फुटणार होतं, पण सासऱ्यांचा चेहरा बघून गिळलं. इतकी वर्षं त्यांनी मास्तरांपुढे मान खाली घातली नव्हती. ते सरळ साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, कागद फाडा. घोडी आज्ञाधारक आहे. चूक माझी आहे. तो शब्द मी शिकवलाय."

साहेब म्हणाले, "‘पाय’ हा हुकूम बदलता येणार नाही, सगळ्या पलटणींत हाच चालतो. आठ दिवस देतो. घोडी तुमचा शब्द विसरली तर राहील. तोवर तुम्ही तिच्याकडे फिरकायचं नाही."

मग मास्तर स्वतः खोगिरावर चढले. "पाय" म्हणायचे, टाच लावायचे, चार पावलं गेली की मान थोपटायचे. सासरे भट्टीमागे लपून राहायचे, कारण त्यांची चाहूल लागली तरी घोडी कान टवकारायची. सवयीने खिशात घातलेली गाजरं संध्याकाळी घरी परत यायची आणि सासूबाई ती मुकाट्याने चिरायच्या. मला खरंच वाईट वाटायचं.

नवव्या दिवशी साहेबांनी सासऱ्यांना मुद्दाम कठड्याशी उभं केलं. ते समोर असताना जमलं तरच खरं. खोगिरावर पुन्हा जवान होता. घोडीने सासऱ्यांना लांबूनच ओळखलं, मान वळवली. माझीच पाचावर धारण बसली.

"पाय!" मास्तर ओरडले.

घोडी क्षणभर घुटमळली. जवानाची टाच लागली, आणि ती सासऱ्यांच्या नाकासमोरून धूळ उडवत निघून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"विसरली!" सासरे टाळ्या पिटत ओरडले. "विसरली हो मास्तर, विसरली मला!" हसत होते, आणि बाहीने डोळे पुसत होते.