टंकीवाले अण्णा

आमच्या दाना ओलीतल्या टंकीवाल्या अण्णांना दोन्ही पाय वर घेऊन बसलेलं कुणी पाहिलं नाही. जेवताना, वर्तमानपत्र वाचताना, दुपारी पडल्यावरसुद्धा एक पाय जमिनीवर. चहा अर्धा झाला की उठायचे, आमच्या गच्चीवर जायचे आणि पाण्याच्या टाकीवर बोटांची पेरं आपटायचे. रिकामी टण् वाजते, भरलेली ठक्. शेजाऱ्यांचे माठ, कूलर, गॅसचा सिलिंडर, काहीच सुटत नसे. माझी आई वैतागायची, पण आमच्या घरचं पाणी कधी अचानक संपलं नाही.

तरुणपणी अण्णा कोळशाच्या खाणीवर इंजिन चालवत. कोळसा ओढायलाच घडवलेली ती बुटकी, रुंद इंजिनं. पाण्याचा वेगळा डबा नाही, टाक्या दोन्ही कुशींना. "अपना पानी अपने बदन पर," अण्णा ऐटीत सांगत.

एकदा चढावर, मागे कोळशाचे भरलेले डबे असताना, अण्णांनी टाकी वाजवली नाही. फायरमन म्हणाला भरलीय, यांनी मानलं. अर्ध्या चढावर पाणी संपलं. बॉयलर फुटू नये म्हणून भट्टीतली धगधगती आग त्यांना स्वतःच्या हातांनी खाली ओढून टाकावी लागली. "चालतं इंजिन मारलं मी, दुसऱ्याच्या शब्दावर," ते म्हणत. त्यानंतर त्यांनी कुणाचाच शब्द मानला नाही. त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, मीठ घातलंय म्हटलं तरी स्वतः चाखून बघत.

गेल्या वर्षी कंपू भागातल्या एका बागेत शोभेसाठी जुनं इंजिन आणून ठेवलं, नेमकं त्याच जातीचं. अण्णांनी वाजवलं. टण्. चेहराच उतरला. "अशी प्यासी उभी करतात का रे कोणी?"

उद्घाटनाच्या सकाळी त्यांनी माळ्याला पटवून रबरी नळी मिळवली आणि टाक्या भरल्या. नळी धरायला मी. मलाही अक्कल नव्हती. टाक्यांचा तळ गंजून चाळण झालेला. पाहुणे फीत कापायला पुढे झाले तोवर गालिचा, चपला, समोशांची खोकी, सगळं तांबड्या पाण्यात. संयोजकांनी अण्णांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि इंजिनाभोवतीच्या कठड्याला कुलूप घातलं. मला हसू आवरत नव्हतं. अण्णा एवढंच म्हणाले, "फिर खाली हो गई."

दिवाळीनंतर ते अंथरुणाला खिळले. तिथूनही एक पाय खाली लोंबता. काकू उचलून वर ठेवत, तो पुन्हा खाली. मी दिसलो की एकच, "जा, वाजवून ये." मी बागेत जायचो, कठड्याचं कुलूप बघून यायचो आणि तसं सांगायचो. मग दिवसभर त्यांची तगमग. मला ती बघवेना.

डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत म्हटलं, त्या दुपारी मी बागेत गेलोच नाही. नया बाजारात एक चहा घेतला आणि परत आलो.

"वाजवलीस?"

"वाजवली, अण्णा. ठक्."

"ऊपर तक?"

"ऊपर तक."

मला वाटलं, आता पकडतील. अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि दुसरा पाय वर घेतला.