आखूड बोटाची रेघ

सयाजीच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. लहानपणी कोरेगावला कडबा कापताना वरचा तुकडा गेला. नवी मुंबईतल्या जुईनगरच्या त्याच्या दुकानात डोळे मिटून बसलेल्या गिऱ्हाइकाच्या गालावरून हात फिरला की त्याला न बघता कळायचं, हा सयाजीच. बाकी त्याच्यात लक्षात राहण्यासारखं काही नव्हतं. सत्तावीस वर्षं तो माणसांच्या चेहऱ्यांवर वाकून उभा राहिला, आणि त्याचा स्वतःचा चेहरा आरशात नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी मागे असायचा.

दुकान सुभाषशेठच्या इमारतीत, तळमजल्यावर. शेठचं घर वर. एकेकाळी इथे त्यांची भातखाचरं होती. शहर आलं, खाचरं गेली, इमारत उभी राहिली. शेठच्या घरातल्या प्रत्येक नवऱ्या मुलाची हळदीआधीची दाढी सयाजीनेच करायची, हे मात्र आपोआप ठरून गेलं होतं.

मग पोरं दाढ्या वाढवायला लागली. दाढी वाढवणाऱ्याला न्हाव्याची गरज ती किती? सयाजीने तेलं करायला घेतली. वेणूबाई, त्याची बायको, घरी तिळाचं तेल गाळून द्यायची. त्यात तो थेंबाथेंबाने झाडांचे अर्क घालायचा. खस, लवंग, टी ट्री, लिंबाच्या सालीचं तेल. मार्केटातले माथाडी पोत्याला गाल घासून फोड आले की यायचे. न्हावा शेवा बंदराचे ट्रक ड्रायव्हर कोंड्यासाठी, वस्तऱ्याच्या पुळ्यांसाठी यायचे. अनेकांना गुण येत होता. सयाजी खोटं बोलत नव्हता. त्याची चूक वेगळीच होती. झाडातून आलेलं माणसाला इजा करणार नाही, असं तो मनापासून मानत होता.

"झाडाचं हाय," तो म्हणायचा. "झाड कुनाचं वाईट करतंय?"

"बिब्बा झाडाचाच असतोय की," वेणूबाई म्हणायची.

तो हसायचा. बाटली भरताना त्याच्या डाव्या मनगटावर थेंब सांडायचे, दारातून ऊन यायचं, आणि मनगटावर तपकिरी ठिपके उठत होते. ते त्याने वयावर ढकलले.

शेठचा मुलगा दिपेश त्याचं लिंबाचं तेल सहा महिने दाढीला लावत होता. त्याला काहीच झालं नाही. दाढी दाट होती, तिच्याखालच्या कातडीला ऊन माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये दिपेशचं लग्न ठरलं. हळद खरं तर रात्रीची, डीजेसकट. पण फोटोवाला म्हणाला, दिवसाचा उजेड हवा, पिवळा रंग उन्हातच खुलतो. म्हणून गच्चीवर सकाळी अकराला हळद ठरली. त्याआधी खाली दुकानात दाढी, भोवती मित्र आणि फोटोवाला.

"काका, एकदम गुळगुळीत करा," दिपेश म्हणाला. "सहा महिन्यांनी गाल दिसणार. टेन्शन येतंय."

"टेन्शन नवरीला येऊ द्या. कसला नवरा केलाय म्हनून."

सगळे हसले. वस्तऱ्याखालून गोरी, कोवळी, न वापरलेली कातडी निघाली. सयाजीला माया दाटून आली. त्याने लिंबाच्या तेलाची बाटली पालथी केली, नेहमीच्या दुप्पट तेल घेतलं आणि उजव्या हाताची चार बोटं दिपेशच्या डाव्या गालावरून खाली मानेपर्यंत सावकाश ओढली. फोटोवाल्याने घाई केली, दिपेश तसाच उठला. दुसरा गाल, चोळणं, पुसणं राहून गेलं.

गच्चीवर पहिली हळद कुणी लावायची यावरून कुजबुज होती. दिपेश दोन वर्षांचा असताना त्याची आई गेली. त्याला वाढवलं पुतळाकाकीने. पण काकी विधवा, आणि तिने हळदीला हात लावायचा नाही. दिपेशने हट्ट धरला. म्हणाला, तिने नाही लावली तर मी पाटावर बसत नाही. तेव्हा ती पदर सावरत पुढे आली. तिने डाव्या गालावर हात ठेवला, आणि काढायचं विसरली. तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर गेला. दिपेश दोन तास उन्हात होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाल लाल झाला. तिसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, फोड आले. दाढीवर शेवटचा हात फिरवायला सयाजीला वर बोलावलं, तेव्हा घरात बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. दिपेशच्या गालावर बोटांच्या आकाराचे फोड होते. चार रेघा, वरून खाली.

"हात उठलाय बघ तिचा," नंदिनीआत्या म्हणाली. ती शेठची बहीण. "मी बोलत व्हतू, रांडमुंड बाईचा हात नको. कोनी ऐकला माजा?"

सयाजी वाकला. करंगळीकडून दुसरी रेघ आखूड होती. बाकीच्यांच्या अर्धी.

त्याच्या हातातला वस्तरा स्थिर राहिला, कारण तो हाताच्या सवयीचा भाग होता. त्याने फोड टाळून मानेवरचे चार केस काढले आणि खाली आला. मुंडावळ्या आणि मेकअपखाली लग्न लागलं. काकी आतल्या खोलीत होती.

चार दिवसांनी शेठ दुकानात येऊन बसले. "डॉक्टर विचारत व्हता, लिंबू-बिंबू लावून उन्हात बसलेला काय? आमी बोललो, नाय, नुसती हलद." ते आरशात बघत राहिले. "बोलला, सा महिन्यानी डाग जातील. पन सुनेला कोन समजवनार? ती काकीसमोर येत नाय. भीती वाटते तिला."

सयाजीची नजर आपल्या मनगटावरच्या तपकिरी ठिपक्यांवर गेली. त्या क्षणी सांगता आलं असतं. शब्द तोंडात होते. पण दुकान शेठचं होतं, आणि न्हाव्याकडे विश्वासाखेरीज विकण्यासारखं काही नसतं. लोक गळा पुढे करून डोळे मिटतात, एवढीच त्याची मिळकत. सयाजीने शेठच्या कानामागचे केस नीट केले.

तो अकरा दिवस गप्प राहिला. लिंबाचं तेल त्याने मोरीत ओतलं. त्याचा वास दोन दिवस घरात राहिला.

"काय केलंय तुमी?" वेणूबाईने विचारलं.

त्याने सांगितलं. तिने तेलाचं गाळणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "त्या बाईला जाऊन सांगा आदी. शेठला मागनं."

पुतळाकाकी आता जिन्याखालच्या खोलीत असायची. ती भाजी निवडत होती. डाव्या हाताने. उजवा पदरात गुंडाळलेला.

"काकी, तो हात माजा हाय," सयाजी म्हणाला. "तेल माजं हाय. लिंबाचं. उनात जळलं त्ये." त्याने आपलं आखूड बोट पुढे केलं. "बगा. गालावरची रेघ बी अशीच हाय."

ती त्या बोटाकडे बघत राहिली. रागावली नाही, हेच सयाजीला सोसेना.

"कदी समजला तुला?"

"लग्नाच्या सकाळी."

"मंग उशीर झाला रं," ती म्हणाली. "त्याच राती नवी सून उंबऱ्याशी रडत व्हती. घरान यायला तयार नाय. मी सगल्यांचे समोर हात जोरले. बोललू, माजाच हात वाईट, मी पोराला परत हात लावनार नाय. देवाची शपथ घेतली. तवा ती आत आली." तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "आता देवाला काय सांगू? न्हावी चुकला?"

तरी सयाजी वर गेला. सगळ्यांपुढे बोलला, बोट दाखवलं. शेठ दिपेशच्या गालाकडे बघत राहिले. नंदिनीआत्या म्हणाली, "म्हातारीवर दया आली म्हनून सोतावर घेतंय." दुकान खाली कर, असं कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दिपेशला मात्र पटलं. तो तसाच अनवाणी जिना उतरला, सयाजी त्याच्या मागे. खोलीत शिरून दिपेश काकीपुढे खाली बसला. गालावरचे फोड सुकले होते, त्यांच्या जागी चार काळपट पट्टे होते.

"काकी, ऐकलंस ना? तू काही केलं नाहीस." त्याने तिचा उजवा हात पदरातून काढला आणि गालाकडे नेला.

हात गालापर्यंत आला. चार बोटं, चारही पूर्ण. पट्ट्यांवर ती बसली नसती, हे दारातून सयाजीला स्पष्ट दिसत होतं. काकीलाही दिसत असावं. ती आखूड रेघेकडे बघत होती.

मग तिने हात हळूच सोडवून घेतला आणि पुन्हा पदरात गुंडाळला.

"सूनबाई वाट बगत आसल," ती म्हणाली. "जा वर."