तिच्या नावापुढची खूण

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. बायको माझ्यासोबत का आली नाही, असं बहिणीनं विचारलं तेव्हा "तिलाच यायचं नव्हतं" असं सांगून मोकळा झालो. पुढं नातलगांत तेच पसरलं. ते खोटं होतं. तिला यायचं होतं की नव्हतं, हे मी तिला विचारलंच नव्हतं. आता बायको नाही, आणि माझं खोटं मात्र तिच्या नावावर अजून फिरतंय. म्हणून लिहायला बसलो.

मी मुरुमला पोस्टमास्तर होतो. गावातली निम्मी माणसं फॉर्म माझ्याकडून भरून घ्यायची. बायकोचा तर इतका भरवसा, की मी कागद पुढं केला की ती तो वाचायचीच नाही. "कुठं करू?" एवढंच विचारायची. मी बोट ठेवायचो, ती सही करायची.

मुलगा कॅनडात नोकरीला आहे. आई-वडिलांना कायमचे रहिवासी म्हणून बोलावण्यासाठी अर्ज करायची परवानगी त्याला मिळाली. मुख्य अर्जदार मी, आणि खाली पत्नीची माहिती. तिच्या नावापुढं एक प्रश्न होता : सोबत येणार की नाही? मुलानं फोनवर विचारलं, "आईचं काय लिहू?"

माझी आई तेव्हा अंथरुणावर होती. तिला सुनेशिवाय कुणाच्या हातचा घास चालायचा नाही. बायको स्वयंपाकघरात उखळात शेंगाची चटणी कुटत होती. तो आवाज मला ऐकू येत होता. चार पावलं चालून विचारता आलं असतं.

"येणार न्हाय म्हणून लिही," मी म्हणालो. "तुझ्या आजीला कोण बघणार?"

"आईला विचारलंत ना?"

"विचारलं."

उखळाचा आवाज चालूच होता. नंतर तिच्या सह्या लागल्या तेव्हा मी बोट ठेवलं, तिनं सही केली.

वर्षभरानं सुनेला दिवस गेले आणि त्याच सुमारास आमच्या वैद्यकीय तपासणीचं पत्र आलं. जोडीदार सोबत जाणार नसला तरी त्याचीही तपासणी करावी लागते, म्हणजे पुढं कधी त्याला बोलवायचं झालं तर वाट बंद होत नाही. हा नियम मला माहीत होता. तिला माहीत नव्हता.

"मला पण जायचंय तपासायला?" तिनं विचारलं.

"व्हय."

तिनं त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला, आणि मी तो तसाच राहू दिला.

आईजवळ तेवढ्यापुरतं बहिणीला ठेवून आम्ही उमरग्याहून हैदराबादची एसटी धरली. बायकोनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. दशम्या सोडता सोडता ती म्हणाली, "विमानात खिडकी मला द्यायची बरं का."

"इथं दिली न्हाय का?"

"इथं दिली, पण काच तुम्ही लावून घेतली. म्हणं वारं लागतंय."

"विमानाची काच उघडतच न्हाय."

"मग बरंय. तुमच्याशी भांडाय नको."

दवाखान्यात छातीचा फोटो काढायचा होता. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, गळ्यातलं सगळं काढून ठेवा." बायकोनं मंगळसूत्र काढून पिशवीत टाकलं आणि थांबली. गळ्यात इष्टलिंग होतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं. आम्हा लिंगायतांत ते बाळपणीच गळ्यात येतं आणि मातीत जाईपर्यंत अंगावरून उतरत नाही. बाळंतपणातसुद्धा तिनं ते उतरवलं नव्हतं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग दोरा डोक्यावरून काढला आणि डबी माझ्या डाव्या तळहातावर ठेवली.

"खाली ठेवू नका. खिशात घालू नका," ती म्हणाली. "नातवंडाला बघायचंय म्हणून काढते. दुसऱ्या कशासाठी काढलं नसतं."

दार लागलं. मी मूठ मिटून बाहेर उभा राहिलो. डबी तिच्या अंगानं कोमट होती. ज्या प्रवासासाठी तिनं ती उतरवली, त्यातून मी तिचं नाव केव्हाच वगळलं होतं. दार उघडल्यावर सांगायचं, असं ठरवलं. दार उघडलं. ती हसत बाहेर आली, "श्वास धरा म्हणली, सोडा म्हणायचं इसरलीच बघा!" मी डबी तिच्या हातात दिली. घरी येऊन आंघोळ आणि लिंगपूजा होईपर्यंत तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही. मी एसटी थांबली तिथं चहा प्यालो.

व्हिसा आला तो माझ्या एकट्याचा. तिनं तोवर उमरग्याच्या बाजारातून स्वेटर आणला होता. "माझा मागून येणार का?" तिनं विचारलं, तेव्हा मला सांगावं लागलं. ती दुपट्याला टाके घालत होती. तो टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला.

"अत्तीला कोण बघणार, खरंच हाय," ती म्हणाली. माझ्या आईला ती कानडीत अत्ती म्हणायची. सुईत दोरा ओवत म्हणाली, "मी न्हाईच म्हणले असते हो. पण मला म्हणू तर द्यायचं."

मी तिला नियम समजावला. पुढं तुझंही होईल म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिनं मला जमिनीवर पाय लांब करून बसवलं. पायांवर उशी ठेवली. "हे बाळ. आता न्हाऊ घाला."

"मी?"

"मग काय, तिथं कुणी सुईण ठेवलीय? मानेखाली हात घ्या. अहो, टपालाचं पोतं न्हाय ते! डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका. कान पुसा."

आठ दिवस मी उशीला न्हाऊ घातलं. आई पलंगावरून बघून हसायची.

तिकडं नातीला घातलेली पहिली आंघोळ मी फोन भिंतीला टेकवून तिला दाखवली. "मान धरा, मान!" ती मुरुमहून ओरडत होती. सून हसत होती. ते सगळं पाहताना तिनं स्वेटर घातला होता, उन्हाळ्यात. रोज फोन ठेवण्याआधी मी ठरवायचो, आज बोलायचं. आणि म्हणायचो, "इथं थंडी लई हाय."

सहा महिन्यांनी मी परत आलो. आई पुढं चार वर्षं जगली. मधे नात गावी आली तेव्हा तीन वर्षांची होती. बायकोनं पाय लांब करून तिला हाक मारली, पण ती आता पायांवर मावत नव्हती. दोघी मोरीत पाणी उडवत बसल्या. आई गेल्यावर मुलानं पुन्हा कागद सुरू केले, तोवर बायकोचं हृदय थकलं होतं. कागद पुरे व्हायच्या आत ती गेली.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात आणि डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात. विधी सांगणारे जंगम म्हणाले, "तुम्ही ठेवा." मी डबी उघडली, तिची बोटं सरळ केली. या वेळी तिचा हात गार होता आणि माझा कोमट. भोवती माणसं उभी होती. मुलगा खांद्याला धरून होता. जे म्हणायचं ते जिभेवर आलं होतं, अगदी साधं होतं. पण मी तिची मूठ मिटली आणि मागं सरकलो.

अगं, मी तुला विचारायला पाहिजे होतं. चुकलो.