चंद्रप्रभाबाईंची सांडशी

गावच्या अंगणवाडीत खिळ्याला एक सांडशी टांगलेली असायची. आणली होती खिचडीचं पातेलं उतरवायला. पण अंगणवाडीच्या सेविका चंद्रप्रभाबाईंनी तिला दुसरंच काम लावलं होतं. एखादं पोर दात न घासता आलं की त्या सांडशी त्याच्यापुढं उघडमीट करायच्या. "तुळजापूरचा डॉक्टर असल्याच सांडशीनं दात उपटतो, बरं का." बावीस वर्षं पोरं मुकाट दात घासून येत होती. बाईंना आपल्या हिकमतीचं कौतुकच होतं.

आज त्याच तुळजापुरात, दवाखान्याच्या खुर्चीत, त्यांची नात इरा सुजलेला गाल घेऊन बसली होती. ओठ गच्च मिटलेले. आत पू झालाय, आजच बघायला हवं, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं.

"कशाची भीती वाटते, बाळा?"

"सांडशीची," इरा दात न उघडता बोलली.

"इथं कुठली सांडशी? कुणी सांगितलं तुला?"

इरानं आजीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. नाव घेतलं नाही.

बाकावर गावातलीच इरम्मा पोराला घेऊन बसली होती. "सांगा की बाई," ती म्हणाली. "आमचा शंभू बी तुमच्या सांडशीपायी तीन महिने दाढ दाबून बसला. दुखतंय म्हणून बोलला न्हाय."

बाईंची कानशिलं तापली. सहा वर्षांची पोर त्यांना पाठीशी घालत होती.

"मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "खोटं होतं ते."

"मग आधी तू बस." इरा खुर्चीतून उतरली.

हे बाईंनी गृहीत धरलं नव्हतं. पहाटे, घर उठायच्या आत, त्या तंबाखूची मिश्री लावायच्या. चारचौघांत हसताना पदर तोंडावर असायचा तो मिश्रीनं काळे पडलेले दात झाकायलाच. आता त्या खुर्चीत बसल्या आणि डोक्यावर दिवा लागला. इरम्मा मान उंच करून बघत होती. बाईंनी डोळे मिटून आ केला.

इरा वाकून बघत राहिली.

"आजी, तू दात घासत न्हायीस?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा आत फिरवला आणि बाहेर काढला.

"दुखलं?" इरानं विचारलं.

"न्हाय."

इरा थोडा वेळ आजीचं तोंड निरखत राहिली. मग आजी उतरताच खुर्चीत चढली, आजीचा हात मुठीत धरला आणि तोंड उघडलं. शंभू बाकावरून उठून जवळ आला. चंद्रप्रभाबाई सवयीनं पदर तोंडाशी न्यायला गेल्या. पण हात इरानं सोडला नव्हता.