अर्जदार स्वतः अर्जदारासोबत

पोस्टात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. ते थैलीतून येतात, काउंटरवर सांडतात, आणि काही तर पत्ता अर्धवट असलेल्या पत्रांसारखे वर्षानुवर्षं खणात पडून राहतात. रिटायर होताना मी चाव्या दिल्या, शिक्के दिले, खुर्ची दिली. हे किस्से कोणाच्या ताब्यात द्यायचे, ते मात्र कोणत्याच नियमात सापडलं नाही. त्यामुळं कोणी चहाला बसलं की ते बाहेर पडतात. माझी बायको आतून म्हणते, "झालं, निघालं बाईंचं अंदमान!" निघू दे. तिनं शंभरदा ऐकलंय, तुम्ही कुठं ऐकलंय?

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. मुलचेऱ्याकडं जंगलात आमचं बारकं पोस्ट होतं. माणसं तीनच. पोस्टमास्तर रामटेके बाई, क्लार्क मी, आणि पोस्टमन देवाजीभाऊ. मी आरमोरीचा, नवा, तोंडानं जरा जास्तच चालणारा. देवाजीभाऊ तिथलाच, पन्नाशीचा, सायकल आणि विडी सोडून कशावर विश्वास नसलेला. आणि बाई पंचेचाळीसच्या. वडील लवकर गेले, दोन भावांची शिक्षणं केली, लग्नं केली, आणि त्या गडबडीत स्वतःचं राहून गेलं. असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आम्हीच म्हणायचो.

एक दिवस बाईंनी एल.टी.सी.चा, म्हणजे सरकारी खर्चानं सुट्टीत प्रवासाला जायचा, फॉर्म काढला. पोस्ट म्हणजे केंद्र सरकार, भारतात कुठंही जाता येतं. लोक काशीला जातात, दिल्लीला जातात. बौद्ध माणूस असला तर बुद्धगयेला. बाईंनी लिहिलं, पोर्ट ब्लेअर.

"बाई, हे कुठी आलं?" मी विचारलं.

"समुद्रात," त्या म्हणाल्या, आणि फॉर्मवर शिक्का मारला.

* * *

पंधरा दिवसांनी फॉर्म वरच्या ऑफिसातून परत आला. 'सोबत येणाऱ्या व्यक्ती' या रकान्यात बाईंनी 'कोणी नाही' लिहिलं होतं. त्यावर कोणीतरी पेन्सिलीनं गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, सोबत कोण जाणार याचा खुलासा करावा.

बाईंनी खुलासा केला नाही, 'कोणी नाही'खाली नुसती रेघ मारून पाठवला. फॉर्म पुन्हा आला. या वेळेस लाल शाईत. महिला कर्मचारी इतक्या दूर जात असल्यानं सोबतीचा स्पष्ट उल्लेख असावा.

मी म्हटलं, बाई, लिहून टाका एखाद्या भावाचं नाव, कोण बघायला येतो. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मनीऑर्डरीत डोकं घातलं. मग त्यांनी नवा कागद घेतला, खाली ब्लॉटिंग ठेवलं, आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, "अर्जदार स्वतः अर्जदारासोबत जाणार आहे."

आठ दिवसांत मंजुरी आली.

* * *

देवाजीभाऊला बेट ही भानगड मी समजावली. चारी बाजूंनी पाणी, मधी जमीन, मधी माणसं. तो विडी ओढत ऐकत राहिला. मग बाईंकडं गेला.

"बाई, यासाठी येवढ्या दूर काऊन जाता? जुलैपर्यंत थांबा. नदी चढली का आमच्या गावचं बेटच होते. बारा-पंधरा दिवस टपाल नाई, एसटी नाई, डॉक्टर नाई. बेट इथी घरपोच येते."

यात खोटं काहीच नव्हतं. पावसाळ्यात तो स्वतः डोक्यावर टपालाची पिशवी धरून कमरेएवढ्या पाण्यातून यायचा. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "देवाजीभाऊ, ते बेट आपल्यावर येते. मले त्याच्यावर जायचं आहे."

देवाजीभाऊ बाहेर येऊन मला म्हणाला, "बाईचं बरोबर आहे." असं त्यानं माझ्याबद्दल कधी म्हटलं नाही.

* * *

बाईंचा धाकटा भाऊ ब्रह्मपुरीला मास्तर होता. त्याच्या कानावर अंदमान गेलं आणि तो दुसऱ्या दिवशी हजर. शाळेत काळ्या पाण्याची शिक्षा शिकवणारा माणूस, त्याच्या डोळ्यापुढं काय आलं असेल! आधी त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, ऑफिसात काही लफडं झालं का, बाईवर काही आळ आला का. मी म्हटलं, नाही. मग त्याची गाडी दुसऱ्या रुळावर गेली. आम्ही पण येतो, म्हणाला. तो, त्याची बायको, मोठ्या भावाची माणसं, बायकोची आई. मोजत मोजत तो दहावर गेला.

बाई ऐकत होत्या. त्यांनी त्याला जेवायला वाढलं, ताटात दोनदा तूप घातलं. शेवटी त्यानं मुद्द्याचं काढलं.

"ताई, तू एकटी गेलीस तं लोक काय म्हणतीन?"

"लोकायची पत्रं मीच वाचून देते ना रे," बाई म्हणाल्या. "काय म्हणतात ते मले सगळ्यायच्या आधी कळते."

मास्तर जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. जाताना बाईंनी त्याच्या हातात पोरांसाठी चिवडा दिला. तो रागावला नव्हता, बुचकळ्यात पडला होता. ज्या ताईनं आयुष्यात पहिल्यांदा 'नाई' म्हटलं, तिच्याशी पुढं काय बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं.

* * *

आता एक सांगायला पाहिजे. आमच्या भागात बंगाली वस्त्या आहेत. पूर्व बंगालातून उठून आलेल्या लोकांना सरकारनं जंगलात जमिनी दिल्या, कोणाला इकडं, कोणाला अंदमानात. एकाच घरातला एक इथं, एक तिथं, असंही झालं. त्यामुळं बाई निघाल्याची बातमी फुटल्यावर काउंटरवर रांग लागली. कोणी भावासाठी मुडी, म्हणजे मुरमुरे, आणली, कोणी भाच्यासाठी धोतर, कोणी गुळाची ढेप.

बाईंनी कोणाला नाही म्हटलं नाही. प्रत्येक पुडकं तराजूवर ठेवलं, पार्सलचं पोस्टेज सांगितलं, पत्ता लिहून घेतला, पावती दिली. एक जण कुरकुरला, दीदी, तुम्ही तर जाऊनच राहिल्या, नेता नाही का? बाई म्हणाल्या, "मी सुट्टीवर जाते. पार्सल पोस्टानं जाते."

सगळी पार्सलं त्याच बोटीनं गेली असतील. पण तिकीट लावून!

* * *

एक माणूस मात्र काहीच घेऊन आला नाही. सरला मासीमा, म्हणजे मावशी. सत्तरीची बाई, एकटीच राहायची. तिची धाकटी बहीण तिकडं होती, पोर्ट ब्लेअरच्याही पुढं एका बेटावर, बोटीच्या धक्क्याजवळ नारळ विकायची. निर्वासित छावणीत दोघींची ताटातूट झाली, त्यानंतर भेट नाही. दोघींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. तिकडं कोणी दुकानदार हिंदीत पत्र लिहून द्यायचा, इकडं बाई काउंटरच्या आत मासीमाला स्टुलावर बसवून वाचून दाखवायच्या आणि उत्तर लिहायच्या. बहिणीचा पत्ता बाईंना पाठ होता. कागद न बघता लिहायच्या.

मासीमा आली नाही, तेव्हा मीच बाईंना बोललो. अंदमानात जाता, इतकी वर्षं त्या पत्त्यावर लिहिता, आणि त्या बहिणीला भेटणार नाही? ही कोणती सुट्टी? माणुसकी आहे की नाही? बोललो जरा जास्तच.

बाई शिक्क्याचे आकडे बदलत होत्या. दुसऱ्या दिवशीची तारीख लावून झाल्यावर म्हणाल्या, "भाऊ, तेथी गेली की मी मासीमाची पोस्टमास्तरीण होते. रडणं ऐकीन, निरोप घेईन, परत येऊन सांगीन. ते तं मी इथी रोज करून राह्यली. वीस वर्षं मी दुनिया लोकायच्या अक्षरात पाह्यली. एक डाव माझ्या डोळ्यानं पाहू दे."

मला तेव्हा पटलं नाही. मी तिशीच्या आतला होतो, माझं सगळं माझ्याच डोळ्यांनी चाललं होतं.

* * *

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मासीमा आली. हातात काही नाही. मी मनात म्हटलं, आता बघू बाई कसं नाही म्हणतात. मासीमा स्टुलावर बसली, पाणी प्यायली, आणि तिच्या त्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाली, "बहन के घर मत जाना, दीदी. वो रोएगा. मछली पकाएगा. तुमको छोड़ेगा नहीं. तुम सिर्फ समुद्र देखो."

मासीमानं उठून बाईंच्या गालावरून हात फिरवला आणि उन्हातून चालत गेली. मी उगाच गोंदाच्या बाटलीचं झाकण घट्ट करत बसलो. लाज वाटली मला, स्पष्ट सांगतो.

* * *

दुसऱ्या दिवशी बल्लारशाच्या एसटीवर आम्ही दोघं पोहोचवायला गेलो. बाईंची एकच पत्र्याची ट्रंक. देवाजीभाऊनं ती टपावर चढवली, तेव्हा माझं लक्ष गेलं. ट्रंकेला सुतळी बांधून त्यानं गाठीवर लाख ओतली होती, टपालाच्या थैलीला लावतो तशी. मी घाबरलो, म्हटलं सरकारी मोहोर मारली काय? तर नाही. चार आण्याचं नाणं दाबलं होतं.

"मोहोर दिसली का मधात कोणी हात लावत नाई," तो म्हणाला. तीस वर्षं त्यानं थैल्या पोहोचवल्या होत्या, मधात एकही फुटली नव्हती. त्याला बाईंसाठी यापेक्षा मोठं काही करता येत नव्हतं.

बल्लारशाहून मद्रास, मद्रासहून तीन दिवस बोट. बाईंनी कंगव्यासाठीसुद्धा ती लाख फोडली नाही. बोटीवर किनारा दिसेनासा झाला, मग फोडली. हे त्यांनीच परत आल्यावर सांगितलं.

आणि बाकी? बाकी काही नाही! महिनाभर आम्ही वाट पाहिली, आणि बाई येऊन म्हणाल्या, समुद्र मोठा आहे. देवाजीभाऊनं विचारलं, एकटं वाटलं का. त्या म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी लय वाटलं. मंग बरं वाटलं." मी न राहवून विचारलं, बहिणीकडं गेल्या होत्या का. "मी सुट्टीवर गेली होती," बाई म्हणाल्या आणि थैली उघडायला घेतली. मला पुन्हा राग आला. मासीमानं मोठेपणानं नको म्हटलं, म्हणून काय खरंच जायचं नाही? दोन महिने मी बाईंशी कामापुरतं बोललो.

* * *

मग मासीमाला बहिणीचं पत्र आलं. देवाजीभाऊ तिला घेऊन आला. स्टूल, पाणी, सगळं नेहमीचं. बाईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पत्र हिंदीत होतं, मला आठवतं तसं मराठीत सांगतो.

दीदीला प्रणाम. माझे गुडघे दुखतात. नारळाला यंदा भाव नाही. हिवाळ्यात एक बाई दुकानावर आली होती. एकटी. तीन दिवस रोज यायची. एक नारळ प्यायची आणि बाकड्यावर बसून राहायची. समुद्राकडं कमी बघायची, माझ्याकडं जास्त. कुठून आलीस विचारलं तर म्हणाली, दुरून. मी म्हटलं घरी चल, मासे खा, तर नको म्हणाली. शेवटच्या दिवशी दोन्ही हात जोडून माझ्यापुढं वाकली. नारळवालीपुढं कोणी वाकतं का? बिचारी डोक्यानं जरा कमी असावी. तिला नवरा-पोरं असतील तर काळजीत असतील. तुझी तब्येत सांभाळ.

बाईंनी हे सगळं एका आवाजात वाचलं. नारळाचा भाव जसा वाचला, तसंच डोक्यानं कमी असावी हेही वाचलं. देवाजीभाऊच्या हातातली विडी विझली होती, ती त्यानं पुन्हा पेटवली नाही.

मासीमा पदर तोंडाशी धरून बाईंकडं पाहत होती. आम्ही तिघं तिच्याकडं पाहत होतो. मग तिनं हळूच विचारलं, "बहुत बूढ़ा हो गया क्या?"

बाईंनी पत्राची घडी घातली, मासीमाच्या हातात दिली, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, "केस पांढरे झाले पुरे. दात आहेत अजून."