फर्माइशीतली नावं

शेलूबाजारला जीपची वाट पाहत मी एका शिंप्याच्या दुकानात बसतो. त्याचं नाव सांगत नाही. ते रेडिओवर देशभर पुरेसं वाजलेलं आहे. फर्माइशीची पोस्टकार्डं तो गठ्ठ्यानं पाठवतो. नावं वाचली जाताना मशीन थांबवून कान टवकारतो आणि गाणं लागलं की खडखड शिवत सुटतो.

"अहो, गाणं तरी ऐका," मी एकदा म्हणालो.

"गाणं तं मोबाईलातबी वाजते. आपलं नाव वाजते काय?"

त्या दुपारी निवेदिकेनं त्याचं नाव घेतलं, मग बायकोचं, पोरांचं आणि शेवटी रस्त्यापलीकडच्या शिंप्याचं. तो याचा सख्खा भाऊ. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं बोलणं बारा वर्षं बंद आहे, हे सगळ्या बाजाराला ठाऊक.

"त्यांचं नाव कशाला देता?" मी विचारलं.

"भांडण वावराचं हाये," तो खेकसला. "फर्माइशीत घरचे सारे नावं द्या लागते."

मी पलीकडे पाहिलं. तिथंही तोच कार्यक्रम लागला होता आणि तिथलंही मशीन थांबलं होतं. मग गाणं सुरू झालं, तशी दोन्ही मशीनं एकदम खडखडू लागली.

गाणं मात्र कोणालाच ऐकू आलं नाही.